पंख्यामागची माणसे

अहमदाबादपासून मुंबईच्या जुहूपर्यंत नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली, तर ती आमच्या वसईला चाटून जाते. टाटांच्या विमान-टपालाचा आरंभ झाला त्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, एक चिमुकले ‘पस मॉथ’ विमान याच दिशेने जुहूकडे गेले. सकाळी ते कराचीहून निघाले होते. अहमदाबादला बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल त्याच्या टाकीत ओतले गेले आणि दुपारी दोनच्या सुमारास ते जुहूच्या मैदानावर टेकले. चालक होते जे. आर. डी. टाटा. त्या काळी अशा विमानात वाट दाखवायला रेडिओ नव्हता. समुद्राचा काठ, नद्यांची मुखे आणि आगगाडीचे रूळ, हेच वैमानिकाचे वाटाडे. तेव्हा वैतरणेचे पाणी, चिमाजीअप्पांच्या फौजेने १७३९ साली सर केलेल्या किल्ल्याची तटबंदी आणि वसईची खाडी त्यांनी वरून पाहिली असेल, असे मानायला हरकत नाही.

मी गोखिवऱ्यात राहतो. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेला वसई रोडचे स्टेशन आणि मधल्या पट्ट्यात कारखान्यांचे लहानमोठे गाळे. लेथचा आणि ड्रिलचा आवाज ऐकत आमची सकाळ होते. माझी नोकरीची सारी वर्षे लहान विमानांच्या पिस्टन-इंजिनांची देखभाल करण्यात गेली. त्यामुळे १९३२ सालच्या त्या उड्डाणाची हकिगत वाचताना माझ्या मनात येणारा प्रश्न जरा वेगळा असतो. टपालाच्या पिशव्या कोणी चढवल्या, हार कोणी घातले, हे ठीक आहे. पण त्या सकाळी कराचीत इंजिनाचे झाकण शेवटचे कोणी बंद केले? ते बंद करण्याआधी त्याने काय काय पाहिले? त्या आरंभीच्या दिवसांतल्या वैमानिकांची नावे आपल्याला पाठ असतात. जे. आर. डी. टाटा, नेव्हिल व्हिन्सेंट, होमी भरुचा. मेकॅनिक होते मूठभर. इतिहासात ते बहुतेक आकड्यानेच येतात.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. अमेरिकेत राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण केले, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. ते पहिले उड्डाण फक्त १२ सेकंदांचे होते. पण त्या विमानाचे इंजिन घडवले ते त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकने. मोटारीच्या कारखान्यांनी हवे तसे हलके इंजिन द्यायला असमर्थता दाखवली, तेव्हा टेलरने एक लेथ, एक ड्रिल आणि हातातली कानस यांच्या बळावर सुमारे सहा आठवड्यांत चार सिलिंडरचे, बारा अश्वशक्तीचे इंजिन उभे केले. त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. कार्ब्युरेटर म्हणावा असा भाग त्याला नव्हताच. तापलेल्या पृष्ठभागावर पेट्रोल ठिबकायचे आणि त्याची वाफ हवेबरोबर आत जायची. हा टेलर १९५६ साली वारला. त्याआधी वर्षभर तो लॉस एंजेलिसच्या एका इस्पितळाच्या धर्मादाय कक्षात आढळला, तेव्हा कुठे विमान-व्यवसायातल्या लोकांना त्याची आठवण झाली. आज त्याचा २४ मे हा जन्मदिवस अमेरिकेत विमान-मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळतात. उशिरा का होईना, पाळतात.

आता आपल्या जुहूकडे येऊ. १९२८ साली तिथे विमानतळ सुरू झाला आणि त्याच सुमारास मुंबई फ्लाइंग क्लबही उभा राहिला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डीं.ना वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानात दिलेला तो पहिला परवाना. तेव्हाचे जुहू म्हणजे समुद्रालगतचे मातीचे मैदान. पावसाळ्यात त्यावर इतके पाणी साचे की टाटांचे टपाल-खाते विमाने, माणसे आणि हत्यारे घेऊन पुण्याला जाई आणि येरवड्याजवळच्या मैदानातून काम चालवी. घरातली मंडळी पावसाळ्याआधी कौले परतून घेतात. इथे घरच उचलून घाटावर न्यायचे! इतके असूनही पहिल्या पुऱ्या वर्षात या विमानांनी १,६०,००० मैलांची मजल मारली, १५५ उतारू आणि दहा टनांहून अधिक टपाल वाहिले. वेळेवर पोचण्याबद्दल तर त्यांचा सरकारदरबारी लौकिक झाला. वक्तशीरपणाचे श्रेय वैमानिकाला मिळते. पण सकाळी विमान वेळेवर निघते ते कोणीतरी आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात हात काळे केलेले असतात म्हणून.

ते हात कशावर चालत होते, हे जरा सांगितले पाहिजे. त्या काळच्या हौशी विमानविद्येचा कणा म्हणजे इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीची ‘जिप्सी’ इंजिने. फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्याने १९२७ च्या सुमारास पहिले जिप्सी आखले. एका ओळीत चार सिलिंडर, थंड करायला पाणी नाही, समोरून येणारा वाराच काय तो गारवा देणार. शक्ती सुमारे शंभर अश्वांची. कंपनीने या इंजिनाची एक नामी परीक्षा घेतली. सरकारी निरीक्षकांकडून एका इंजिनाला सील ठोकले आणि नेहमीची वरवरची देखभाल सोडून काहीही न उघडता ते ६०० तास, सुमारे ५१,००० मैल, चालवले. मग उघडून पाहिले, तर बदलण्याजोग्या भागांची किंमत भरली सात पौंडांच्या आसपास. ही बातमी जगभर झाली आणि जिप्सीचा बोलबाला झाला.

पुढे कंपनीने तेच इंजिन उलटे केले. सिलिंडर खाली लोंबते, दांडा वर. वैमानिकाला समोरचे नीट दिसावे, हा हेतू. पस मॉथमध्ये असेच उलटे ‘जिप्सी थ्री’ होते, १२० अश्वशक्तीचे. वैमानिकाची सोय झाली, मेकॅनिकच्या मागे मात्र एक नवे काम लागले. विमान रात्रभर उभे राहिले की वरचे तेल झिरपून खालच्या सिलिंडरात साचे. तेल दाबले जात नाही. अशा वेळी इंजिन एकदम सुरू केले, तर पिस्टन तेलावर आदळून दांडा वाकायचा. म्हणून सकाळी प्रथम स्विच बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने हळूहळू फिरवायचा, आणि हाताला कुठे अडकल्यासारखे लागते का ते पाहायचे. वैद्याने नाडी पाहावी तसाच हा प्रकार. आजही उलट्या इंजिनाची जी जुनी विमाने जगात उडतात, त्यांची सकाळ अशीच सुरू होते.

या इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला स्पार्क प्लग दोन, आणि ठिणगी पुरवणारे मॅग्नेटोही दोन. मोटारसायकलला एक प्लग पुरतो, मग इथे दुप्पट का? कारण साधे आहे. आमच्या अर्नाळ्याच्या किंवा नायगावच्या कोळ्याचे मशीन समुद्रात बंद पडले, तर तो नांगर टाकून वाट पाहू शकतो. मोटार बंद पडली, तर रस्त्याच्या कडेला लावता येते. आकाशाला कडा नाही आणि नांगर रुतायला तळ नाही. म्हणून एक व्यवस्था गेली, तरी दुसरीवर विमान जमिनीपर्यंत यावे, हा विचार. मॅग्नेटोला बॅटरीही लागत नाही. इंजिन फिरते तोवर तो आपली वीज आपणच तयार करतो.

या प्लगांवरून एक सुंदर हकिगत आठवते. १९२९ च्या अखेरीस आगाखानांनी जाहीर केले की, इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास एकट्याने विमानातून महिन्याच्या आत करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला ५०० पौंडांचे बक्षीस मिळेल. तिघे जण पुढे सरसावले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. अस्पी इंग्लंडहून इकडे येत होते, वय अवघे सतरा, जे. आर. डी. मे १९३० मध्ये कराचीहून तिकडे निघाले होते. वाटेत इजिप्तमधल्या अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान अडून बसले होते, कारण प्लग बिघडले आणि जादा प्लग जवळ नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला काढून दिले. अस्पी वेळेत कराचीला पोचले आणि त्यांनी बक्षीस पटकावले, जे. आर. डी. काही तासांनी हरले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० साली भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट दिलदारपणाची म्हणून सांगतात, आणि ती तशी आहेच. पण आमच्या धंद्यातला माणूस ती ऐकून आणखी एक गोष्ट मनाशी बांधतो. अर्ध्या जगाची वाट कापायला निघालेले विमान मुठीत मावणाऱ्या तुकड्यांपायी अडले होते.

त्याच मे महिन्यात आणखी एक विमान हिंदुस्थानावरून गेले. एमी जॉन्सन नावाची इंग्रज तरुणी एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली होती. वाटेत पेट्रोल सरत आल्याने तिला आपल्या राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीला, कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. आमच्या वाचक भगिनींना मुद्दाम सांगतो की, ही बाई नुसती चालक नव्हती. ग्राउंड इंजिनिअरचा, म्हणजे विमान दुरुस्त करून त्यावर सही करण्याचा परवाना तिने परीक्षा देऊन मिळवला होता. असा परवाना मिळवणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. दिवसभर उडायचे आणि संध्याकाळी उतरल्यावर आपल्या जिप्सीची देखभाल आपल्याच हातांनी करायची, असा तिचा क्रम होता.

मराठी माणसाचा विमानांशी संबंध म्हटला की चार लोकांत हटकून शिवकर बापूजी तळपद्यांचे नाव निघते. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवले, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा हवाला देतात, त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले. असो. दुःख याचे वाटते की, या वादात आपण खरी मराठी नावे विसरतो. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आणि त्या कारखान्यात स्वदेशी विमाने आखली ती कोल्हापूरकडच्या हसूरचंपू गावच्या डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांट्लसारख्या आचार्याच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. त्यांचे ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले, आणि ‘पुष्पक’ हे दोन आसनी विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी.

पुष्पक! नाव रामायणातले, अंग कापडाने मढवलेले आणि नाकात कॉन्टिनेंटल कंपनीचे ९० अश्वशक्तीचे इंजिन. अशी सुमारे १६० विमाने तयार झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. कित्येक वैमानिकांनी आकाशाचा श्रीगणेशा पुष्पकावर गिरवला, आणि माझ्यासारख्या मेकॅनिकांनी जमिनीवरचा. या इंजिनाचा दांडा पूर्ण जोरात मिनिटाला सुमारे २,४७५ फेरे घेतो. प्रत्येक प्लगने दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी टाकायची. हिशेब करून पाहा, तासाला जवळजवळ ७४,००० ठिणग्या झाल्या. आठ प्लगांच्या मिळून सहा लाखांच्या आसपास. दिवाळीतली सगळी फुलबाजी त्यापुढे फिकी! त्यातल्या थोड्या चुकल्या, तर इंजिन कुरकुरते. आणि कुरकुर कुठून येते हे शोधणे म्हणजे आमची विद्या.

या विद्येचा पहिला धडा मॅग्नेटोच्या परीक्षेचा. उड्डाणापूर्वी इंजिन ठराविक वेगाने चालवून वैमानिक एक मॅग्नेटो बंद करतो. एकट्या दुसऱ्यावर फेरे थोडे उतरतात. शंभर-सव्वाशेपर्यंत चालून जाते. जास्त उतरले आणि इंजिन थरथरले, तर त्या बाजूचा एखादा प्लग काजळला किंवा तेलकटला आहे. तो कोणत्या सिलिंडरचा? त्या एकाच मॅग्नेटोवर इंजिन थोडे चालवायचे, बंद करायचे, आणि कुठला सिलिंडर इतरांपेक्षा थंड राहिला ते जपून पाहायचे. वर्गात अभ्यास न केलेला मुलगा जसा मान खाली घालून बसतो, तसा तो थंड सिलिंडर आपणहून सापडतो.

पण या धड्याचे दुसरे पान अधिक महत्त्वाचे. मॅग्नेटो बंद केल्यावर फेरे मुळीच उतरले नाहीत, तर नवशिका खूश होतो. जुना मेकॅनिक चरकतो. कारण मॅग्नेटोचे स्विच घरातल्या दिव्याच्या उलट असते. घरी तार तुटली, तर दिवा लागत नाही. इथे तार तुटली, तर मॅग्नेटो बंदच होत नाही. म्हणजे स्विच ‘बंद’ दाखवते आणि ठिणगी मात्र जागी असते. अशा इंजिनाचा पंखा कोणी सहज हाताने हलवला, तर ते एकाएकी सुरू होऊन त्याचा बळी घेऊ शकते. म्हणून आमच्यात सांगतात की, उभ्या विमानाच्या पंख्यालासुद्धा जागा वाघ समजून वागावे.

दुसरा धडा कानांचा. सिलिंडरात दाबाची हवा सोडायची, साधारणपणे ८० पौंडांच्या दाबाने, आणि ती किती टिकते ते पाहायचे. थोडी गळणारच. पण जास्त गळू लागली, तर ती कुठून जाते ते ऐकायचे. धुराड्यातून फुसफुस आली, तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. कार्ब्युरेटरकडून आली, तर आत घेणारा. तेल ओतण्याच्या तोंडाशी आली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. इंजिन न उघडता त्याच्या पोटातले दुखणे असे बाहेर कळते. तिसरा धडा तेलाचा. जुने तेल काढले की फेकायचे नाही. गाळणी कापून उघडायची आणि चुलीपाशी तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या नजरेने ती उजेडात पाहायची. त्यात चकाकणारे कण दिसले आणि लोहचुंबकाला चिकटले, तर आत कुठेतरी पोलाद झिजते आहे, असा निरोप आला. तो निरोप वाचून जो थांबतो, त्याला पुढचा निरोप आकाशातून येत नाही.

कोकणच्या हवेत आणखी दोन शत्रू असतात, पाणी आणि मीठ. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते आणि ते पाणी पेट्रोलच्या तळाशी बसते. म्हणून रोज सकाळी टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल काचेच्या भांड्यात काढून पाहायचे. पाण्याचा गोळा खाली वेगळा दिसतो. जुन्या काळी पेट्रोल ओतताना ते मऊ कातड्यातून गाळून घेत. ते कातडे पेट्रोल सोडी, पाणी अडवून धरी. खाऱ्या हवेचा उपद्रव तर वेगळाच. रोज उडणारे इंजिन टिकते, आणि कोपऱ्यात जपून झाकून ठेवलेल्या इंजिनाला आतून गंज चढतो. माणसांच्या बाबतीतही याहून फार वेगळे नसते.

आता एका पावसाळ्याची हकिगत सांगतो. १९७० नंतरची गोष्ट. मी तेव्हा एका वैमानिक-शाळेत हाताखालचा पोरगा होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे खेड्यातून आलेला एक विद्यार्थी होता. बापाने शेतीवर कर्ज काढून त्याला धाडले होते. ऑगस्टमध्ये एका सकाळी तो एकटा उडाला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. इंजिनाची ताकद हळूहळू जाते म्हणाला. आम्ही इंजिन चालवून पाहिले, ठणठणीत. प्लग बदलले, पेट्रोल तपासले. चार दिवसांनी पुन्हा तीच तक्रार. शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात स्वतः उडून पाहिले. इंजिन पाण्यासारखे चालले. मग कुजबूज सुरू झाली की, पोरगा भित्रा आहे, त्याला घरी पाठवा.

आमच्या जुन्या मिस्त्रींनी त्याला हँगरच्या दाराशी चहा पाजला आणि विचारले, “फेरे एकदम उतरले का रे?”

“नाही मिस्त्रीकाका, हळूहळू.”

“ढग कुठं होते?”

“अगदी डोक्यावर. पाऊस नुकताच थांबला होता.”

“गरम हवेचा दांडा ओढलास?”

“ओढला. पण इंजिन जास्तच थरथरायला लागलं, म्हणून परत आत ढकलला.”

मिस्त्री हसले. “अरे, चोर हातात आला होता, तू सोडून दिलास!”

चोर म्हणजे बर्फ. मुंबईच्या ऑगस्टमध्ये बर्फ कुठला, असे कोणी विचारील. त्याने घरातल्या माठाकडे पाहावे. माठाच्या अंगावरचे पाणी वाफ होऊन जाते आणि जाताना आतला उष्मा घेऊन जाते, म्हणून पाणी गार. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होते तेव्हा हेच घडते, पण कितीतरी जोराने. शिवाय अरुंद गळ्यातून जाताना हवाही निवते. तापमान वीस अंशांनी किंवा त्याहूनही खाली जाऊ शकते. ढगाखालची हवा ओलीचिंब असली की तिच्यातले पाणी त्या गळ्यात गोठून बसते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. त्यावर उपाय म्हणजे धुराड्याच्या नळीभोवतालची तापलेली हवा कार्ब्युरेटरला देणारा दांडा. तो ओढला की बर्फ वितळतो आणि त्याचे पाणी इंजिनात जाते, त्यामुळे पाव-अर्धा मिनिट इंजिन अधिकच थरथरते. नवखा घाबरून दांडा परत ढकलतो आणि वाचवणाऱ्यालाच घालवून देतो. जमिनीवर येईतो बर्फ वितळून गेलेला असतो. खूण म्हणून काही उरत नाही. म्हणूनच आम्हांला हँगरमध्ये काही सापडले नव्हते.

मिस्त्रींनी हे शिक्षकांना समजावले. तशाच ढगाळ सकाळी शिक्षक त्या मुलाला घेऊन वर गेले. फेरे उतरू लागताच दांडा पुरता ओढला, थरथर सोसली, आणि अर्ध्या मिनिटात इंजिन पुन्हा गाऊ लागले. पोरगा राहिला. पुढे मोठ्या विमानांचा कप्तान झाला. मिस्त्री सांगत, इंजिनाला विचारण्याआधी माणसाला विचारावे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून विचारावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने गुण आला ते कळते. चार गोष्टी एकदम बदलून इंजिन बरे झाले, तर ते बरे झाले इतकेच. आपण शहाणे झालो नाही.

या सगळ्यावर शेवटी एक सही होते. १९३४ चा विमान-कायदा आणि १९३७ चे विमान-नियम यांनी आपल्याकडे ही शिस्त घालून दिली. २०२५ च्या आरंभापासून नवा भारतीय वायुयान कायदा अमलात आहे, पण सहीचा नेम तोच. लहान इंजिनाची साधारणपणे दर ५० तासांनी तेल-बदली, दर १०० तासांनी सविस्तर तपासणी, आणि प्रत्येक कामाची नोंद लॉगबुकात. नोंदीखाली परवानाधारकाची सही, परवान्याचा क्रमांक, तारीख. काम संपल्यावर हत्यारे मोजायची. एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. आमच्यात अशी सांज आली की कोणी घरची ओढ दाखवत नाही. बायकामुले ताट वाढून वाट पाहतात, आणि हँगरमध्ये सहा माणसे एक पाना शोधत असतात. त्या एका सहीवर कोणातरी अनोळखी आईचा मुलगा दुसऱ्या दिवशी आकाशात जाणार असतो.

कोणी म्हणेल, जेटच्या युगात या जुनाट इंजिनांचे काय? पण मोठ्या जेट विमानाचा चालकसुद्धा पहिले धडे बहुधा अशाच लहान पिस्टन-विमानावर घेतो. आजच्या सेसना विमानांतही चार सिलिंडर असतात, बहुतेकांत दोन मॅग्नेटो, आणि उड्डाणापूर्वी तीच परीक्षा. त्यांना लागणारे खास पेट्रोल पूर्वी परदेशातून आणावे लागे; सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात तयार करून विक्रीला काढले. इंजिनांचे आयुष्यही वाढले. जिप्सीच्या नंतरच्या पिढीत, म्हणजे ‘जिप्सी मेजर’मध्ये, पूर्ण खोलून दुरुस्ती करण्याची मुदत आरंभी ४५० तासांची होती, ती शेवटी १,५०० तासांवर गेली. ही वाढ एका दिवसात किंवा एका शोधाने झाली नाही. झिजलेला प्रत्येक भाग बारकाईने पाहून, नोंदवून, कारखान्याला कळवणाऱ्यांचाही तीत मोठा वाटा होता.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्या पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. ‘लेपर्ड मॉथ’ नावाचे तिशीच्या दशकातले विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे पुन्हा जुहूला आले. त्या विमानाच्या नाकात जिप्सी मेजर होते. वर्तमानपत्रांत त्यांचे हसरे छायाचित्र आले, आणि ते यावेच. पण एवढ्या जुन्या इंजिनाने त्या वृद्ध माणसाला समुद्रकाठाने सुखरूप आणले, त्याअर्थी त्याचे प्लग कोणीतरी साफ केले होते, तेल उजेडात पाहिले होते, पाने मोजले होते आणि मग लॉगबुकात सही केली होती.

आमच्या गोखिवऱ्याच्या गाळ्यांत दसऱ्याला लेथवर झेंडूची माळ चढते आणि पान्यांना हळदकुंकू लागते. लेथवर उभे राहणाऱ्या पोरांना मी सांगत असतो की, चार्ली टेलरजवळ याहून अधिक काही नव्हते. हात आहे, कान आहे, घाई न करण्याची बुद्धी आहे. परीक्षा द्या, परवाना मिळवा. दोघेतिघे विचारायला आले आहेत. पुढच्या वर्षी त्यांतला एखादा तरी एखाद्या लॉगबुकात आपले नाव लिहील, अशी मला आशा आहे.